पहिली दिवाळी स्वतःच्या घरची: वसुबारस ते भाऊबीज, काय आणि कसं करायचं

लग्नानंतर किंवा नोकरीसाठी गाव सोडून स्वतःचं बिऱ्हाड केलं की पहिल्या दिवाळीत असा एखादा प्रश्न पडतोच: नरक चतुर्दशीला कारीट, ते कडू रानफळ, आंघोळीच्या आधी फोडायचं की नंतर? वीस-पंचवीस वर्षं आपण ते फोडलेलं असतं, पण डोळ्यांवर झोप असताना, आजीने पायाशी आणून ठेवलं म्हणून. आता पहाटे पाचला उठून पाणी आपणच तापवायचं असतं, तेल आपणच कोमट करायचं असतं, आणि विचारायला आजी जवळ नसते.

हा लेख अशा घरांसाठी आहे. महाराष्ट्रात घरोघरी चालतं ते इथे दिलंय. प्रत्येक घराची रीत थोडी वेगळी असते, म्हणून आई, सासूबाई, मावशी, जे कोणी वडीलधारं असेल त्यांना आधी एक फोन करा. त्यांनी वेगळं सांगितलं तर त्यांचं ऐका.

सहा दिवसांत काय काय असतं हे लक्षात ठेवायला माझ्या आजीची एक सोपी खूण होती. ती म्हणायची, सकाळी उठल्यावर एवढंच विचारायचं, आज ओवाळायचं कोणाला? वसुबारसेला गाय-वासराला. धनत्रयोदशीला धन्वंतरीला, आणि दाराबाहेर यमासाठी एक दिवा. नरक चतुर्दशीला न्हाऊन बसलेल्या घरच्या माणसांना. अमावास्येला लक्ष्मीला. पाडव्याला नवऱ्याला. भाऊबीजेला भावाला. दिव्याच्या उजेडात एकेकाचं तोंड नीट बघायचा हा सण आहे, असं मला त्यातून कळलं. बाकी सगळी तयारी त्या एका तबकाभोवती आहे.

आधी तारखा पक्क्या करा

मराठी पंचांगात महिना अमावास्येला संपतो. म्हणून आपली दिवाळी आश्विनाच्या शेवटी सुरू होते आणि कार्तिकात संपते. आश्विन वद्य द्वादशीला वसुबारस, त्रयोदशीला धनत्रयोदशी, चतुर्दशीला नरक चतुर्दशी, अमावास्येला लक्ष्मीपूजन. मग कार्तिक शुद्ध प्रतिपदेला पाडवा आणि द्वितीयेला भाऊबीज. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे तिकडचे शेजारी याच अमावास्येला कार्तिक अमावास्या म्हणतात. दिवस तोच असतो, गोंधळून जाऊ नका.

तिथी आणि तारीख एकमेकींना चिकटून चालत नाहीत. 2025 साली 17 ऑक्टोबरला वसुबारस, 18 ला धनत्रयोदशी झाली, 19 तारीख मोकळी गेली आणि नरक चतुर्दशीची पहिली आंघोळ 20 ला आली. लक्ष्मीपूजन 21 ला. उत्तरेत बऱ्याच ठिकाणी ते 20 लाच झालं. कधी उलटं होतं, पहाटेची पहिली आंघोळ आणि संध्याकाळचं लक्ष्मीपूजन एकाच दिवशी येतं. म्हणून रजा टाकण्याआधी भिंतीवरचं मराठी कॅलेंडर बघा, मोबाइलवर आलेला निरोप नव्हे. परदेशात असाल तर तिथल्या गावाच्या सूर्योदय-सूर्यास्तावर काढलेलं पंचांग बघा. भारतातली तारीख तिथे एका दिवसाने सरकू शकते.

पंधरा दिवस आधी: साफसफाई आणि यादी

माळे, कपाटं, पंखे, जाळ्या. यात सांगण्यासारखं फार नाही, फक्त एका दिवसात सगळं करायला जाऊ नका. रोज एक खोली घ्या. स्वयंपाकघर शेवटी ठेवा, कारण फराळ सुरू झाला की ओटा पुन्हा तेलकट होणारच.

यादीत हे हवं: पणत्या, वाती, तिळाचं तेल, उटणं, सुगंधी तेल, रांगोळी आणि गेरू, हळद-कुंकू, सुपाऱ्या, साळीच्या लाह्या, बत्तासे, धने, गूळ, नवी केरसुणी, झेंडूची फुलं आणि आंब्याची डहाळी. फुलं आदल्या दिवशी आणा. केरसुणी शिंदीच्या पात्यांची घ्या, प्लॅस्टिकचा झाडू नको. तिला घरात लक्ष्मी म्हणतात, आणि लक्ष्मीपूजनाला ती लागतेच.

पणत्यांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण पहिल्या वर्षी मी इथेच चुकले. कुंभाराकडून दोन डझन कोऱ्या पणत्या आणल्या, पुसल्या, तेल घातलं, लावल्या. अर्ध्या तासात गॅलरी काळोखी. वाती कोरड्या पडलेल्या आणि पणतीखालची फरशी तेलकट. कोरी माती तेल पिते. नव्या पणत्या आदल्या दिवशी बादलीभर पाण्यात बुडवून ठेवायच्या. आत टाकताना त्यांच्यातून बारीक बुडबुडे येत राहतात, चर्र असा अगदी हलका आवाज होतो. बुडबुडे थांबले की पणतीचं पोट पाण्याने भरलं असं समजा. चार-पाच तासांनी काढून उन्हात वाळवा. मग तेल वातीलाच मिळतं. वात आधी तेलात भिजवून, तिचं टोक चिमटीने पिळून पणतीच्या चोचीत ठेवा, काजळी कमी धरते.

आकाशकंदील आणि किल्ला

कंदील विकत मिळतो, पण घरात मूल असेल तर एकदा तरी घरी करा. बांबूच्या कामट्या, दोरा, पतंगी कागद आणि खळ एवढंच लागतं. खळ म्हणजे मैदा पाण्यात कालवून शिजवलेली पेज. कामट्यांचे चौकोन बांधून एकमेकांत अडकवले की सांगाडा होतो. कागद ओला असताना सैल दिसतो, वाळला की ताणून बसतो. खाली झिरमिळ्या लावा. आत एलईडीचाच दिवा सोडा. जुना पिवळा बल्ब तापतो आणि पतंगी कागदाला तेवढी धग पुरते. कंदील वसुबारसेला लावतात आणि बऱ्याच घरी त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत ठेवतात.

किल्ला हे महाराष्ट्राच्या दिवाळीचं वेगळेपण आहे. दगड-विटा रचून वर ओलं पोतं टाकायचं, त्यावर चाळलेल्या मातीचा चिखल लिंपायचा. बुरूज, तटबंदी, पायऱ्या, खाली एखादं तळं. मोहरी किंवा हळीव पाच-सहा दिवस आधी पेरा आणि रोज पाण्याचा हबका मारा, म्हणजे दिवाळीला डोंगर हिरवा होतो. वर सिंहासनावर शिवाजी महाराज आणि उतारावर मातीचे मावळे. काल्पनिक किल्ल्यापेक्षा खऱ्या किल्ल्याचा नकाशा समोर ठेवून करा, मुलांना फार आवडतं. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. 11 महाराष्ट्रातले आणि एक तामिळनाडूतला जिंजी. त्यातला राजगड निवडला तर तीन माच्या आणि वर बालेकिल्ला अशी रचना मुलांच्या हातातून एकदा गेली की पुस्तकातून पाठ करावी लागत नाही. फ्लॅटमध्ये जागा नसेल तर सोसायटीच्या कोपऱ्यात सगळ्या मुलांनी मिळून करावा.

फराळ: तीनच पदार्थ करा, पण चांगले करा

पहिल्याच वर्षी चिवडा, चकली, शेव, कडबोळी, शंकरपाळे, करंज्या, चिरोटे, अनारसे आणि दोन प्रकारचे लाडू असा घाट घालू नका. दमून जाल आणि मुख्य दिवशी ओवाळायला हात उचलणार नाही. माझा सल्ला असा: बेसनाचे लाडू, पातळ पोह्यांचा चिवडा आणि चकली घरी करा. बाकीचं बचत गटाकडून किंवा ओळखीच्या काकूंकडून घ्या. त्यात कमीपणा नाही.

बेसन लाडूला जाडसर दळलेलं, लाडूचं बेसन आणा. दोन वाट्या बेसनाला पाऊण ते एक वाटी साजूक तूप. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर पंचवीस-तीस मिनिटं भाजायचं, उलथनं थांबवायचं नाही. सुरुवातीला पीठ गोळा होतं, हाताला जड लागतं. मग एका क्षणी ते हलकं होतं, तूप सुटतं आणि सगळ्या घराला वास कळतो. शेजारीण दार वाजवून विचारते तो वास. गॅस बंद करून चमचा-दोन चमचे दुधाचा हबका मारा, फसफसून येईल आणि लाडू दाणेदार होईल. आता धीर धरा. मिश्रण कोमट झाल्याशिवाय साखर घालायची नाही. गरम असताना घातली तर सगळं पातळ होतं आणि लाडू वळत नाहीत. पिठीसाखर साधारण दीड वाटी, वेलदोड्याची पूड, बेदाणे.

चिवड्याचे पोहे उन्हात ठेवा किंवा कढईत मंद आचेवर कुरकुरीत करा. फोडणीत शेंगदाणे, डाळं, सुक्या खोबऱ्याचे काप, हिरवी मिरची आणि कढीपत्ता. मिरची-कढीपत्त्यात पाण्याचा अंश राहिला तर चार दिवसांत चिवडा सादळतो, म्हणून ती दोन्ही पार कुरकुरीत होऊ द्या. हळद-मीठ फोडणीत घाला, पिठीसाखर सगळ्यात शेवटी.

चकलीची भाजणी आदल्या आठवड्यात करा: चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभऱ्याची डाळ, एक वाटी उडदाची डाळ, अर्धी वाटी धने, दोन चमचे जिरे. तांदूळ आणि डाळी धुऊन सावलीत वाळवायच्या, एकेक वेगळं मंद भाजायचं. गिरणीत दिलंत तर गव्हावर दळू नका असं आवर्जून सांगा. दोन वाट्या भाजणीला साधारण दीड वाटी पाणी उकळा, त्यात तिखट, मीठ, हिंग, तीळ, ओवा आणि दोन चमचे तेल. भाजणी घालून ढवळा, झाकून ठेवा, अर्ध्या तासाने थोडं थोडं घेऊन मळा. पाडताना चकली तुटत असेल तर पाण्याचा हात लावून अजून मळा. तेलात गेल्यावर विरघळायला लागली तर तेलाचं मोहन जास्त झालंय, थोडी भाजणी मिसळा. वरून लाल आणि आतून मऊ राहिली तर आच मोठी होती. तेलावरचे बुडबुडे शांत होईपर्यंत मध्यम आचेवर तळा. एक चकली तळून, गार करून, मोडून बघा आणि मगच पुढचा घाणा टाका.

अनारशांचा मोह झालाच तर तांदूळ तीन दिवस, रोज पाणी बदलून भिजवावे लागतात आणि गुळाबरोबर कालवलेला गोळा काही दिवस मुरावा लागतो. म्हणजे दहा दिवस आधी हात घालायला हवा. तुपात सोडल्यावर तो फुटून विखुरला की अनारसा हसला म्हणतात. पहिल्या वर्षी नका करू. कोणाकडे तरी शेजारी बसून एकदा बघा.

शेजारच्या घरातून फराळाचं ताट आलं तर ते रिकामं परत पाठवायचं नाही. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर घालून द्या. आणि ज्या घरात वर्षभरात कोणी गेलं असेल तिथे फराळ करत नाहीत, त्या घरी आपण न सांगता डबा नेऊन द्यायचा. चार शब्द बोलायचे आणि उठायचं. या दिवसांत ते घर एकटं पडतं.

वसुबारस

संध्याकाळी गाय-वासराची पूजा. पायांवर पाणी, हळद-कुंकू, फुलं, ओवाळणं आणि उडदाच्या वड्यांसारखा काही घास. बायका या दिवशी उपास करतात. गहू, मूग आणि दूधदुभतं खात नाहीत. संध्याकाळी बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी. त्या दिवसाचं दूध वासराचं, असा त्यातला भाव. शहरात गाय सापडत नाही, तेव्हा पाटावर तांदळात गाय-वासराची मूर्ती ठेवा किंवा रांगोळीने काढा. नगर-नाशिकच्या आदिवासी पट्ट्यात याच दिवशी वाघबारस असते, रानातल्या वाघाने गुराढोरांना सांभाळावं म्हणून वाघदेवाची पूजा करतात. या संध्याकाळपासून दारात रांगोळी आणि पणती सुरू.

धनत्रयोदशी

सोनं घेतलंच पाहिजे असं काही नाही. आयुर्वेदाची देवता धन्वंतरी समुद्रमंथनातून अमृतकलश घेऊन निघाला तो हा दिवस, म्हणून वैद्य मंडळी त्याची पूजा करतात. घरी दागिने, नाणी, तिजोरी पुसून पूजा होते, आणि नैवेद्य असतो धने आणि गुळाचा. पेढे-बर्फी कितीही असू दे, धने-गूळ चुकवू नका.

संध्याकाळचं यमदीपदान मात्र नक्की करा. कणकेचा लहान दिवा करायचा, कणीक घट्ट भिजवून अंगठ्याने खोलगट खळगा पाडायचा, तेल-वात घालून दाराबाहेर ठेवायचा. वात दक्षिणेकडे, कारण ती यमाची दिशा. एरवी आपण दक्षिणेकडे तोंड करून दिवा ठेवत नाही, वर्षातून ही एकच संध्याकाळ तशी. गोष्ट अशी सांगतात, की हेमराजाच्या मुलाला सर्पदंशाने मरण होतं. त्याच्या बायकोने दारात दागिन्यांची रास घातली, दिवे लावले आणि रात्रभर गाणी-गोष्टी सांगत त्याला जागं ठेवलं. सर्परूपात आलेल्या यमाचे डोळे दिपले आणि तो परत फिरला. अकाली मरण घरापासून दूर राहो, एवढंच मागणं आहे. दिवा लावून दोन मिनिटं सगळ्यांनी दारात उभं राहावं.

नरक चतुर्दशी: पहिली आंघोळ

दिवाळी खरी इथे सुरू होते. आंघोळ सूर्योदयाच्या आधी. घरात चार माणसं आणि एकच न्हाणीघर असेल तर साडेचारला उठावं लागेल. आदल्या रात्री सगळं काढून ठेवा: पाट, तेलाची वाटी, उटणं, नवे कपडे, तबक, आणि कारीट मोजून, माणशी एक.

क्रम असा. पाट मांडून भोवती रांगोळी काढा. ज्याला न्हाऊ घालायचं त्याला पूर्वेकडे तोंड करून बसवा. तेल कोमट करा. वाटी गरम पाण्यात ठेवली तरी पुरे. आधी टाळूवर, मग कान, मान, पाठ, हात, पाय असं जिरवायचं. घाई करू नका, अभ्यंग म्हणजे हाच. मग उटणं. चंदन, नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी, आंबेहळद असं त्यात असतं. दुधात किंवा तेलात कालवून लावा. पाण्यात कालवलं तर अंगावर लगेच वाळतं आणि खरबरतं, लहान मुलं रडतात. आंघोळ अर्धी झाली की बाहेरून कोणी फुलबाजी पेटवून दाखवतं, न्हाणीघराच्या धुक्यात तो उजेड बघायला मुलं वर्षभर थांबलेली असतात. आणि ओवाळायचं.

ओवाळणं नीट शिकून घ्या, पुढचे तिन्ही दिवस लागेल. तबकात निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी आणि सोन्याची अंगठी. आधी कपाळाला कुंकू लावा, त्यावर अक्षता. मग सुपारी आणि अंगठी उजव्या हातात धरून चेहऱ्याभोवती फिरवा, तबकाला टेकवा. असं तीनदा. मग निरांजनाचं तबक दोन्ही हातांनी उचलून, घड्याळाचे काटे फिरतात तसं सावकाश ओवाळा. शेवटी डोक्यावर अक्षता टाका. ओवाळणाऱ्याने ज्याला ओवाळायचं त्याच्या तोंडाकडे बघावं, ज्योतीकडे नव्हे.

इथे एक गोष्ट मनापासून सांगते. आई किंवा काकू विधवा असेल तर ती हळूच मागे सरते, तू ओवाळ म्हणते. तिला सरू देऊ नका, तबक तिच्याच हातात द्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे 2022 मध्ये विधवांच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला. एका अख्ख्या गावाला जमलं ते आपल्या चार भिंतींत जमायला हरकत नाही. ज्या हातांनी आपल्याला न्हाऊ घातलं त्या हातांच्या दिव्याला अशुभ कसं म्हणायचं?

आता कारीट. ते रानवेलीचं लिंबाएवढं कडू फळ, चतुर्दशीच्या आदल्या दिवशी बाजारात वाट्यावर मिळतं. बहुतेक घरांत ते आंघोळीनंतर, फराळाच्या आधी फोडतात. तुळशीपाशी किंवा दाराबाहेर, डाव्या पायाच्या अंगठ्याने दाबून, ‘गोविंदा, गोविंदा’ म्हणत. फट्ट आवाज होतो, बिया उडतात. रसाचं बोट जिभेला लावायचं, कडू लागतंच. कारीट म्हणजे नरकासुर. त्याने सोळा हजार स्त्रियांना कोंडून ठेवलं होतं, कृष्णाने त्याला मारून त्यांना सोडवलं. कडू आधी आणि लाडू मागून, हा क्रम मुलांना आपोआप कळतो. कारीट मिळालं नाही तर खटपट करू नका, त्यावाचून काही अडत नाही.

कोकणात या दिवसाला चावदिस म्हणतात आणि सकाळी चकली-लाडवांच्या आधी नव्या भाताचे पोहे असतात: गूळपोहे, दुधातले, ताकातले, नारळाच्या रसातले. गोव्यात गावोगावची पोरं नरकासुराचे मोठमोठे पुतळे रात्रभर मिरवून पहाटे जाळतात, आणि मग घरोघरी पोहे. तुमचं मूळ तिकडचं असेल तर पोह्यांचे दोन प्रकार तरी कराच.

आंघोळ, फराळ, देवदर्शन झालं की शहरात दिवाळी पहाटेच्या गाण्यांना जातात. दुपारी दिवाळी अंक घेऊन पडायचं. 1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही चाल. एखादा अंक तरी विकत घ्या, वाचून दुसऱ्याला द्या.

फटाक्यांचं थोडक्यात: सुती कपडे, जवळ पाण्याची बादली, विझलेल्या फुलबाज्या बादलीतच टाकायच्या. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली कमी प्रदूषणाच्या फटाक्यांची आणि रात्री आठ ते दहाची मर्यादा घातली, त्यानंतर ठिकठिकाणी नियम बदलत आलेत, आपल्या गावचा त्या वर्षीचा नियम बघा. भाजलं तर वीस मिनिटं गार वाहत्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही लावू नका.

लक्ष्मीपूजन

वेळ प्रदोषकाळाची, म्हणजे सूर्यास्तापासून पुढचे सव्वादोन-अडीच तास. चौरंगावर लाल वस्त्र, तांदळाची रास, त्यावर कलश. लक्ष्मीची तसबीर किंवा चांदीचं नाणं. शेजारी दागिने, पैसे, दुकान असेल तर हिशेबाची वही. आणि नवी केरसुणी, हळद-कुंकू लावून. पैशाइतकाच मान झाडूला, ही या पूजेतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. माझ्याकडे घरकामाला येणाऱ्या मावशींनाही मी त्या संध्याकाळी कुंकू लावते, घर उजळ ठेवणारे हात त्यांचेही असतात. नैवेद्याला साळीच्या लाह्या, बत्तासे, धने-गूळ आणि फराळ. नव्या भाताच्या लाह्या, म्हणजे शेतातलं पहिलं धान्य.

पूजेनंतर घरातल्या प्रत्येक खोलीत, मोरीपाशीसुद्धा, दिवा ठेवा. दार काही वेळ उघडं ठेवतात. काही घरांत मध्यरात्री केर काढून, सूप वाजवत अलक्ष्मीला बाहेर घालवतात. फ्लॅटमध्ये झोपण्याआधी मात्र पडद्याजवळच्या आणि लाकडी कपाटाजवळच्या पणत्या शांत करा. परदेशात भाड्याच्या घरात उघडी ज्योत चालत नसेल तर देवापाशी एकच समई जाग्यावर बसून लावा, बाकी विजेचे दिवे.

पाडवा

बलिप्रतिपदा साडेतीन मुहूर्तांपैकी अर्धा मुहूर्त. वामनाने तीन पावलांत सगळं घेऊन बळीला पाताळात धाडलं, पण हा एक दिवस त्याच्या नावाने राहिला. महाराष्ट्रात लोकांचं मन बळीकडे आहे. ओवाळताना बायका ‘इडा पीडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणतात, शेतकऱ्यालाही आपण बळीराजाच म्हणतो. महात्मा फुल्यांनी बळीला कष्टकऱ्यांचा न्यायी राजा म्हणून पुढे ठेवलं. खेड्यात अंगणात शेणाच्या गवळणी मांडतात, विदर्भात गायगोधनाला गुरं रंगवून-सजवून मिरवतात.

सकाळी बायको नवऱ्याला तेल-उटणं लावते, संध्याकाळी ओवाळते, तो ओवाळणी घालतो. हल्ली अनेक घरांत नवराही बायकोला तेल लावून देतो, ओवाळतो. तुमचा पहिला पाडवा असेल तर तसंच सुरू करा, नंतर बदलणं अवघड जातं. पहिल्या वर्षी लेक-जावयाला माहेरी बोलावतात, तो दिवाळसण. देणंघेणं आईवडिलांना जड होणार नाही एवढं बघा. आणि याच दिवसांत पोस्टमन, सफाई कामगार, रखवालदार यांना पोस्त द्यायचं, पाकिटाबरोबर फराळाचा पुडाही.

भाऊबीज

यम बहिणीकडे, यमुनेकडे जेवायला गेला तो दिवस, म्हणून यमद्वितीया. जेवण बहिणीच्या घरी, त्यामुळे त्या दिवशी आपल्या घरी भावाला आवडतं ते करा. ओवाळण्याआधी गॅलरीतून चंद्रकोर दिसली तर तिला ओवाळायचं, मग भावाला. भाऊ नसेल किंवा दूर असेल तर चंद्रालाच भाऊ मानून ओवाळतात. परगावी असलेल्या भावाला फोनवर समोर बसवून ओवाळलं तरी चालतं. माझी मैत्रीण न्यू जर्सीहून तसंच करते, आणि इकडे तिच्या भावाच्या कपाळाला त्याच वेळी आई कुंकू लावते. बहिणी-बहिणी असतील तर एकमेकींना ओवाळा.

यमासाठी दक्षिणेकडे लावलेला धनत्रयोदशीचा दिवा आणि भाऊबीजेचं हे ताट यांची गोष्ट एकच आहे, हे मला फार उशिरा कळलं. धनत्रयोदशीला ज्याला दारातून परत पाठवलं, शेवटच्या दिवशी तोच कोणाचा तरी भाऊ म्हणून पाटावर बसतो.

नंतरची आवराआवर

पणत्या साबणाच्या गरम पाण्यात घासून, उन्हात वाळवून कागदात गुंडाळा. फेकू नका, एकदा तेल मुरलेली पणती पुढच्या वर्षी जास्त चांगली जळते. त्यातल्या पाच-सात बाहेरच राहू द्या. कार्तिक शुद्ध द्वादशीपासून तुळशीची लग्नं लागतात, आणि त्रिपुरी पौर्णिमेला देवळात दीपमाळ उजळते. किल्ल्याची माती कुंड्यांमध्ये घाला, मावळे धुऊन डब्यात ठेवा. उरलेलं उटणं हवाबंद बाटलीत भरा. आणि या वर्षी किती पोह्यांचा चिवडा पुरला, चकलीला पाणी किती लागलं, कोणाला पोस्त द्यायचं राहिलं, ते एका वहीत लिहून वही पणत्यांच्याच खोक्यात ठेवा.